म्हातारी मादी आणि कुत्र्याच्या रक्तातला जंत

प्रश्न ऐरोलीच्या एका ताईंचा आहे. गावठाणात घर, मागे म्हशींचा गोठा, घरात चार वर्षांचा लॅब्राडोर. गोचीडताप असेल म्हणून कुत्र्याचं रक्त तपासायला दिलं, तर रिपोर्टात ‘मायक्रोफायलेरिया आढळल्या’, म्हणजे रक्तात जंताची पिल्लं सापडली, असं आलं. तेव्हापासून घरात कुणाला धड झोप नाही. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. कुत्र्याला चावलेला डास उठून लगेच माझ्या दहा वर्षांच्या मुलाला चावला, तर जंत मुलाच्या अंगात जातील का? सासऱ्यांचा पाय हत्तीरोगाने सुजलेला आहे, त्याचा आणि कुत्र्याचा काही संबंध? आणि गोठ्यातल्या चावऱ्या माश्या हाच उद्योग करतात का?

ताई, पहिल्याचं उत्तर ‘नाही’. लगेच चावला तर नाही. दहा-बारा दिवसांनी तोच डास चावला तर मात्र गोष्ट वेगळी. या दहा-बारा दिवसांत डासाच्या आत काय चालतं, ते नीट कळलं की तुमचे उरलेले दोन प्रश्न अर्धे सुटतात. मी ठाणे जिल्ह्यात तीस वर्षं डास पकडले, पाळले आणि चिरले, तेव्हा जरा सविस्तर सांगतो.

लोकांच्या डोक्यात डास म्हणजे उडणारी सुई असते. एकाचं रक्त ओढलं, दुसऱ्याला टोचलं. ही कल्पना अगदीच खुळचट नाही, कारण काही रोग खरंच असे जातात. जनावरांचा सर्रा घ्या. घोड्या-उंटांना, म्हशींनाही होतो. त्याचा परजीवी एकपेशीय. गोमाशी एका जनावराला चावते, चावा इतका झोंबतो की जनावर शेपूट मारून तिला उडवतं, मग ती अर्ध्यावर सुटलेलं जेवण शेजारच्या जनावरावर पुरं करते. तोंडाला लागलेलं ओलं रक्त त्याच्यासोबत आत जातं. मिनिटांचा खेळ, खरोखरीची सुई. ग्रिफिथ इव्हान्स यांना हा परजीवी १८८० साली डेरा इस्माइल खानमध्ये घोड्या-उंटांच्या रक्तात दिसला होता.

जंतांचं तसं नाही. तुमच्या कुत्र्याच्या रक्तात जी फिरतेय ती जंताची पिल्लावळ, साधारण पाव ते तीन दशांश मिलिमीटर लांबीची, लाल पेशीइतकीच जाड. ती या रूपात कुणाच्याही अंगात गेली तरी मोठी होऊ शकत नाही. अगदी बाटलीतून रक्त चढवताना एका माणसाच्या मायक्रोफायलेरिया दुसऱ्यात गेल्या, तरी त्या काही काळ रक्तात फिरतात आणि मरतात, त्यांचा जंत होत नाही. मोठं व्हायचं तर तिला आधी डासाच्या पोटातून जावंच लागतं, आणि तिथे दोनदा कात टाकावी लागते. याला दुसरी वाट नाही.

आत काय होतं ते मी तुम्हाला स्लाइडवर दाखवल्यासारखं सांगतो. डासाच्या मादीला क्लोरोफॉर्मने गुंगवायचं, पंख-पाय काढायचे, स्लाइडवर सलाईनचे तीन थेंब ठेवायचे आणि दोन बारीक सुयांनी तिचे तीन भाग करायचे: डोकं एका थेंबात, छाती दुसऱ्यात, पोट तिसऱ्यात. थेंब एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत, हा नवशिक्याला पहिला दम. कारण अळी कुठल्या थेंबात सापडली यावरच सगळं अवलंबून आहे.

माणसाच्या हत्तीरोगाची अळी, वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी, डासाच्या पोटात गेल्यावर अंगावरची पातळ खोळ टाकते, जठराची भिंत फोडते आणि काही तासांतच छातीत शिरते. छातीत उडण्याचे स्नायू असतात, डासाच्या अंगातलं सगळ्यात पोसलेलं मांस. त्यात ती मुक्काम ठोकते. पहिले काही दिवस ती लांब होत नाही, उलट आखूड आणि जाड होते. पुस्तकात तिला सॉसेज अवस्था म्हणतात. आमच्याकडे सॉसेज कुणी पाहिलेलं नव्हतं, आम्ही तिला तोंडलं म्हणायचो. ‘छातीत दोन तोंडली’ अशी नोंद मी स्वतः वहीत केलेली आहे आणि त्यावरून साहेबांची बोलणीही खाल्ली आहेत. मग कात टाकून दुसरी अवस्था, पुन्हा कात टाकून तिसरी. ही तिसरी दीड मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणजे डोळे चांगले असतील तर भिंगाशिवायही थेंबात शेवईचा चुरा हलल्यासारखी दिसते. हलते मात्र जोरात. तोंडलं पडून असतं, तिसरी अवस्था थेंबात नुसती फटके मारते. ती छाती सोडते आणि डोक्याकडे, सोंडेच्या म्यानात जाऊन बसते. या सगळ्याला आपल्या हवेत दहा ते चौदा दिवस लागतात.

तुमच्या कुत्र्याचा जंत बहुधा डायरोफायलेरिया, आणि त्याची अळी छातीत जात नाही. डासाच्या पोटात जठराच्या शेवटी पाच बारीक नळ्या असतात, माल्पिघी नलिका म्हणतात, डासाची मूत्रपिंडंच म्हणा. कुत्र्याची अळी या नळ्यांच्या पेशींत शिरून तिथे तोंडलं होते, तिथेच वाढते आणि शेवटी नळीचं टोक फोडून डोक्याकडे निघते. नळ्यांत फार अळ्या झाल्या तर डासाचं पाणी-मीठ सांभाळायचं कामच बंद पडतं आणि तो मरतो. म्हणजे ज्या कुत्र्याच्या रक्तात अळ्यांचा बुजबुजाट आहे, त्याला चावणारे डास बरेचदा वेळेआधीच जातात. अळीने घर इतकं भरायचं की घरच कोसळावं, असं होतं.

बाकी जगात प्रत्येक चावऱ्या माशीतलं बिऱ्हाड निराळं. आफ्रिकेतली नदीकाठची काळी माशी, सिम्युलियम, माणसाला आंधळं करणारा ऑन्कोसर्का जंत नेते. ही अळीही छातीच्या स्नायूंत, आठवड्याभरात किंवा थोड्या जास्त दिवसांत तयार. मध्य आफ्रिकेतली क्रायसॉप्स ही गोमाशीचीच बहीण, ती डोळ्यावरून सरकत जाणारा लोआ लोआ नेते. त्याची अळी माशीच्या चरबीत वाढते. १९१२ साली लायपर यांनी क्रायसॉप्सवर बोट ठेवलं, १९२६ साली ब्लॅकलॉक यांनी सिएरा लिओनमध्ये सिम्युलियमवर. तुमच्या ओळखीचं कुणी कॅमेरून-गॅबनला तेलाच्या कामावर जात असेल तर ही दोन नावं त्यांच्या कामाची, ऐरोलीत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. अळीला दहा-बारा दिवस हवेत, पण डासाला तेवढं आयुष्य मिळतं का?

मादी तीन-चार दिवसांनी एकदा रक्त पिते, अंडी घालते, पुन्हा पिते. कुत्र्याचं रक्त प्यायल्यावर तिचं पुढचं जेवण चौथ्या दिवशी, त्यानंतरचं आठव्या, मग बाराव्या दिवशी असं धरा. चौथ्या आणि आठव्या दिवशीचा चावा जंतांच्या दृष्टीने निरुपद्रवी, आत अजून तोंडलीच आहेत. बाराव्याचा खरा. आता असा हिशोब करा की रोज शंभरातले १५ डास मरतात. पाल खाते, पंख्यात सापडतात, कुणाच्या तरी हाताखाली येतात. मग आज कुत्र्याला चावलेल्या शंभर माद्यांपैकी बाराव्या दिवशी १४ उरतात. रोजचं मरण १५ वरून ३० केलं, म्हणजे दुप्पट, तर बाराव्या दिवशी किती उरतात? सात नाही. एक. जेमतेम एक. हे चक्रवाढ व्याजाचं गणित आहे, फक्त उलट्या दिशेने. म्हणून मी घरोघर सांगत असे की डास किती आहेत यापेक्षा म्हाताऱ्या माद्या किती आहेत ते मला सांगा.

मादी म्हातारी आहे हे कसं कळतं, असं तुम्ही विचाराल. तिचं अंडाशय काढून पाण्याच्या थेंबात सुकू द्यायचं. त्यावर श्वासनलिकांचं जाळं दिसतं. जिने एकदाही अंडी घातलेली नाहीत तिच्या या नळ्या टोकाशी गुंडाळलेल्या असतात, लोकरीच्या न उलगडलेल्या गुंड्यांसारख्या. पहिल्यांदा अंडी भरली की अंडाशय फुगतं, गुंडी उलगडते, आणि पुन्हा कधीच गुंडाळत नाही. मला अळीपेक्षाही हे दृश्य जास्त आवडायचं. पावसाळ्यात, हवा दमट असताना, उलगडलेल्या गुंड्या जास्त सापडायच्या. उन्हाळ्यात कोरड्या झळांनी डास लवकर मरतात. पण ठाणे-नवी मुंबईला खाडीची दमट हवा असल्याने आपला उन्हाळा डासांना तितका कडक लागत नाही. थंडीचंही तसंच. कुत्र्याची हृदयातली अळी पारा १४ अंशांच्या खाली उतरला की डासात वाढायची थांबते, आणि तसा पारा सलग दिवस इथे राहतच नाही. त्यामुळे परदेशातल्या माहितीपत्रकात लिहिलेलं असतं तसं ‘कुत्र्याला जंताचं औषध फक्त उन्हाळ्यात द्या’ इथे चालत नाही.

डासाचं वय हा मुद्दा इतका मोठा आहे की त्यावर पॅट्रिक मॅन्सन यांच्यासारखा माणूसही घसरला. १८७७ साली चीनच्या अमॉय बंदरात त्यांनी आपल्या हिन लो नावाच्या माळ्याला, ज्याच्या रक्तात मायक्रोफायलेरिया होत्या, डास चावू दिले आणि मग ते डास चिरून पाहिले. अळ्या डासाच्या पोटातून छातीत जातात आणि वाढतात हे त्यांना दिसलं. रक्तातला परजीवी किड्याच्या अंगात वाढतो हे जगाला पहिल्यांदा तिथे कळलं. पण त्यांचे डास चार-पाच दिवसांत मरायचे. त्यावरून त्यांनी धरलं की मादी एकदा रक्त पिते, अंडी घालते आणि पाण्यातच मरते, आणि अळ्या त्या पाण्यातून माणसाच्या पोटात जातात. वीस-बावीस वर्षं हीच समजूत राहिली. सोडवलं कुणी, तर ऑस्ट्रेलियात थॉमस बॅन्क्रॉफ्ट यांनी, आणि कशाने, तर केळ्याने. त्यांनी डासांना केळ्याच्या फोडी दिल्या, डास आठवडेच्या आठवडे जगले, आणि अळ्या पुऱ्या वाढल्या. ते डास त्यांनी इंग्लंडला पाठवले, आणि १९०० साली जॉर्ज कारमायकेल लो यांनी त्यांचे पातळ काप काढून दाखवलं की अळी सोंडेत येऊन बसलेली आहे. पाण्यातून नाही, चाव्यातूनच. हिंदुस्थानात जेम्स यांनाही त्याच सुमारास तेच दिसलं होतं.

आम्ही केळ्याऐवजी भिजवलेल्या मनुका ठेवायचो, आणि ग्लुकोजचा बोळा. एकदा कुत्र्याच्या रक्तावर पोसलेले दीडशे डास मी नवव्या दिवसापर्यंत आणले होते. पिंजऱ्याच्या टेबलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत असतात, मुंग्या चढू नयेत म्हणून. मे महिना, शनिवार-रविवार जोडून सुट्टी, एका वाटीतलं पाणी आटलं. सोमवारी सकाळी पिंजऱ्यात पंख तेवढे उरले होते आणि मनुकाही नव्हत्या. बारा दिवस म्हणजे किती दिवस, ते मला त्या सोमवारी कळलं. निसर्गात डासाला वाटीही नसते.

बरं, बाराव्या दिवशी पोचलेली मादीही एका चाव्यात रोग देतेच असं नाही. एक गोष्ट लोकांना माहीत नसते: जंत डासात वाढतो, पण वाढत नाही. म्हणजे मोठा होतो, संख्येने वाढत नाही. मलेरियाच्या परजीवीचे डासात हजारो होतात. इथे एक मायक्रोफायलेरिया आत गेली तर फार तर एकच तिसरी अवस्था बाहेर येते, आणि बहुतेकदा तीही नाही. डास दोन-तीन घन मिलिमीटर रक्त पितो. रात्रीच्या पाहणीत आम्ही घ्यायचो त्या वीस घन मिलिमीटरच्या थेंबात दहा अळ्या असतील, तर डासाच्या वाट्याला एखादी-दुसरी. त्यातल्या काही रक्ताच्या गुठळीत अडकतात. काही जातींच्या डासांच्या घशात दातेरी पट्टी असते, ती अळ्यांना खरवडून फाडते. काही डास अळीभोवती काळा थर चढवून तिला जिवंतपणी पुरतात. सेप्टिक टँकमध्ये वाढणारा, तिन्हीसांजेला घोट्याला डसणारा तो मोठा काळा डास तुम्हाला माहीत असेल, आर्मिजेरिस. तो ब्रुगिया मलायी या अळीला असंच काळं करून मारतो, आणि तिच्याच चुलत बहिणीला, ब्रुगिया पाहांगीला, मात्र सुखाने वाढू देतो. का, यावर लोकांनी आयुष्यं घालवली आहेत.

शेवटी सोंडेतून उतरतानाही अळी सुईसारखी आत टोचली जात नाही. मादी चावत असताना सोंडेचं म्यान वाकतं, टोकाची पातळ त्वचा फुटते, आणि अळी डासाच्या अंगातल्या एका सूक्ष्म थेंबासोबत कातडीवर पडते. मग तिने स्वतः चाव्याचं भोक शोधायचं. थेंब सुकला की अळी मेली. आणि आत गेलेल्या अळ्यांत नर-मादी दोन्ही हवेत, नाहीतर पिल्लं होणार कुठून? हत्तीरोगाबद्दल १९६८ साली रंगूनच्या आकड्यांवरून हेअर्स्टन आणि दे मेलॉन यांनी हिशोब मांडला: एका माणसाच्या रक्तात मायक्रोफायलेरिया दिसू लागायला अळीवाल्या डासांचे सरासरी साडेपंधरा हजार चावे लागतात. रोग सोपा नाही. तो टिकतो तो फक्त डासांच्या चिकाटीवर आणि आपल्या उघड्या गटारांवर.

सासऱ्यांकडे येतो. त्यांचा जंत आणि कुत्र्याचा जंत वेगळे. वुचेरेरिया फक्त माणसात राहतो, कुत्र्यात नाही. तेव्हा एकाने दुसऱ्याला दिला हा प्रश्नच मिटला. त्यांच्या पायाची सूज ही बहुधा वीस-तीस वर्षांपूर्वीच्या जंतांनी लसिकावाहिन्या कायमच्या बिघडवल्याची खूण आहे. अशा बऱ्याच जणांच्या रक्तात आता अळी सापडतही नाही. त्यांच्यापासून नातवाला भीती नाही. ज्याचा पाय सरळ आहे, ताप नाही, काही नाही, आणि रात्री दहाला रक्तात अळ्या आहेत, तो खरा पसरवणारा. ठाणे-पालघर हत्तीरोगाच्या पट्ट्यात मोडतात, म्हणून घरी गोळ्या वाटायला आरोग्यसेविका आल्या तर ‘आम्हाला काही झालेलं नाही’ म्हणून गोळी उशीखाली ठेवू नका. काही झालेलं नाही त्यांच्यासाठीच ती आहे. सासऱ्यांचा पाय रोज साबणाने धुऊन बोटांच्या बेचक्यांसकट कोरडा करा. भेगांतून जिवाणू शिरून ताप येतो, सूज वाढते ती त्याने.

रात्री दहाच का, ते सांगून टाकतो. हत्तीरोगाच्या अळ्या दिवसा फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांत दडतात आणि रात्री दहा ते दोनच्या दरम्यान कातडीजवळच्या रक्तात येतात, हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास चावायची तीच वेळ. लोआ लोआच्या अळ्या दिवसा वर येतात, कारण क्रायसॉप्स दिवसा चावते. १८८१ साली लंडनमध्ये स्टीफन मॅकेन्झी यांनी एका रुग्णाला दिवसा झोपवलं, रात्री जागवलं, तर अळ्यांचं घड्याळही उलटलं. महापे-रबाळेच्या कारखान्यांत कायम रात्रपाळी करणाऱ्या वॉचमनचं रक्त रात्री दहाला घेऊन आम्ही ‘निल’ लिहायचो, तेव्हा मला मॅकेन्झी आठवायचे. त्या नोंदींवर माझा स्वतःचा कधी विश्वास बसला नाही.

आता गोठा. म्हशीच्या पोटाच्या पोकळीत सेटारिया नावाचे पांढरे, दोऱ्यासारखे जंत असतात, म्हशीला त्यांचं फारसं काही वाटत नाही. त्यांच्या अळ्याही डासच नेतात आणि त्या छातीतच वाढतात. यात आमची फसगत व्हायची. गोठ्याजवळ पकडलेल्या डासाच्या छातीत तोंडली सापडली की नवा मुलगा ‘हत्तीरोग’ म्हणून ओरडायचा. तिसरी अवस्था येईपर्यंत थांबावं लागतं, मग शेपटीच्या टोकाला तीन फुगीर गुट्या दिसल्या तर वुचेरेरिया. म्हशीची ही अळी शेळी-मेंढीत किंवा घोड्यात गेली तर वाट चुकते, मज्जारज्जूत फिरते, आणि मागचे पाय लुळे पडतात. घोडेवाले त्याला कुमरी म्हणतात. गोठ्याशेजारी कुणी शेळ्या बांधत असेल तर त्यांना सांगा.

गोठ्यात जी राखाडी, घरमाशीसारखीच दिसणारी पण गुडघ्याखाली कडकडून चावणारी माशी आहे ती स्टोमॉक्सिस. तिच्यातला जंत घोड्याचा, हॅब्रोनेमा. आणि इथे माझा म्हाताऱ्या मादीचा नियम मोडतो, हे कबूल करतो. हॅब्रोनेमाची अळी घोड्याच्या लिदीत पडते, तिथे वाढणारी माशीची अळी तिला गिळते, आणि दोघी बरोबर मोठ्या होतात. माशी कोशातून बाहेर पडते तेव्हा जंत जवळपास तयार असतो. इथे तरुण माशीही तितकीच कामाची. ती घोड्याच्या ओठांवर बसली की अळ्या तिथे उतरतात आणि गिळल्या जाऊन जठरात पोचतात. जखमेवर उतरल्या तर जखम भरत नाही, पावसाळ्यात चिघळते. या जखमांना घोडेवाले बरसाती म्हणतात. लग्नाच्या घोडीच्या पायावर किंवा डोळ्याच्या कोपऱ्यात तुम्ही ती पाहिलीही असेल. माणसाला या माशीचा चावा दुखतो, एवढंच. खाडीकडून संध्याकाळी येणारी बारीक चिलटंही तशीच, खाज देतात. चिलटांकडून माणसाला होणारे जंत आफ्रिकेत आणि अमेरिका खंडात आहेत.

राहिला तुमचा मुलगा आणि कुत्रा. कुत्र्याचा डायरोफायलेरिया माणसाला क्वचित होतो, हे मी लपवणार नाही. आपल्या बाजूच्या कुत्र्यांत रेपेन्स ही जात सापडते, ती कातडीखाली राहते. तिची अळी माणसात शिरली तर एखादा जंत कातडीखाली गाठ करून बसतो, कधी पापणीत किंवा डोळ्याच्या पांढऱ्या पडद्याखाली. दिसायला भयंकर, पण डोळ्याचे डॉक्टर तो काढतात आणि प्रकरण संपतं. माणसात तो सहसा पिल्लं घालण्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळे मुलाकडून पुढे कुणाला जात नाही. मुलाची रक्ततपासणी आत्ता करून काही निघणार नाही. कातडीखाली सरकणारी गाठ किंवा डोळ्यात काही वळवळल्यासारखं वाटलं तरच दाखवा.

कुत्र्याच्या डॉक्टरांना मात्र विचारा की जात कुठली. साध्या स्लाइडवर ते सांगता येत नाही. नॉट पद्धत म्हणून आहे: एक मिलिलिटर रक्त नऊ मिलिलिटर दोन टक्के फॉर्मलिनमध्ये मिसळून फिरवायचं आणि तळाचा गाळ निळ्या रंगात पाहायचा. अळी सरळ पडते, लांबी-रुंदी मोजता येते, डोक्याचं-शेपटीचं टोक दिसतं. हृदयातल्या जंताची, इमिटिसची, वेगळी चाचणी मिळते, पण ती रेपेन्स दाखवत नाही. ‘निगेटिव्ह’ आलं म्हणून रक्तातल्या अळ्या नाहीशा होत नाहीत. आणि अकँथोकायलोनेमा नावाची एक निरुपद्रवी जातही असते, ती डासांमुळे नाही, पिसवांमुळे होते. ती निघाली तर तुम्ही फुकट रात्री जागवल्या. आयव्हरमेक्टिन हे जंताचं औषध मेडिकलमधून आणून स्वतःच्या अंदाजाने देऊ नका. अळ्या एकदम मेल्या तर कुत्र्याला धक्का बसू शकतो, आणि कॉली जातीच्या रक्ताच्या कुत्र्यांना तर ते औषध मेंदूत चढतं.

घरात करायचं ते थोडंच. कुत्रा रात्री अंगणात बांधू नका, जाळीच्या आत घ्या. सकाळी पडद्यामागे, पलंगाखाली, कपड्यांच्या खुंटीवर पोट लाल झालेल्या माद्या बसलेल्या असतात, रात्रीचं जेवण जिरवत. रॅकेट तेव्हा फिरवा, संध्याकाळी नाचणाऱ्या डासांमागे धावण्यापेक्षा. आणि गावठाणातल्या घरांना सेप्टिक टँक असतो, त्याचा गॅस पाइप गच्चीवर उघडा असतो, क्युलेक्स आणि आर्मिजेरिस दोघेही तिथूनच ये-जा करतात. त्याच्या तोंडाला नायलॉनची जाळी बांधा. नायलॉनच्या दोरीने बांधा, तारेने नको. खाडीच्या हवेत तार एक पावसाळाही काढत नाही, आणि जाळी गळून पडली हे वर चढून पाहिल्याशिवाय कळत नाही.